चिमणी ओढत नाही, झेलते

पेटलेली मेणबत्ती हातभर अंतरावरून फुंकली की विझते. तेवढ्याच अंतरावरून हवा आत ओढून ती विझवायची म्हटलं, तर छाती दुखेपर्यंत ओढा, ज्योत जागची हलायची नाही. फुंकलेली हवा झोत होऊन एका दिशेनं निघते. ओढलेली हवा चहूबाजूंनी येते, समोरून येते तशी कानामागूनही येते, आणि म्हणून ओढीचा जोर तोंडापाशीच संपतो. गोल नळीच्या तोंडाशी हवेचा जो वेग असतो, त्याचा नळीच्या व्यासाइतक्या अंतरावर साधारण दहावा हिस्सा उरतो. स्वयंपाकघरात धूर बाहेर काढायला शेगडीवर टांगतात त्या चिमणीची नळी १५ सेंटिमीटरची आणि शेगडी तिच्यापासून निदान ६५-७० सेंटिमीटर खाली. तिथपर्यंत ओढ कितीशी पोचणार, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

तरीही चिमणी काम करते, कारण धूर आपल्या पायांनी वर येतो. तापलेली हवा हलकी होऊन चढते आणि वाफ, तेलाचे कण, जळलेल्या गॅसची हवा हे सगळं त्या लोटाबरोबर वर जातं. चिमणीनं त्याच्या वाटेत पुरेसं मोठं तोंड करून उभं राहायचं, आलेला लोट पोटात घ्यायचा आणि पुढचा येईपर्यंत तो बाहेर काढून टाकायचा. उलटी धरलेली झोळीच ती. झोळी लहान असेल, उथळ असेल किंवा भलत्या उंचीवर टांगली असेल, तर मागे केवढीही मोटर लावा, धूर कडेनं निसटतो आणि छताला जाऊन चिकटतो.

मराठीत या यंत्राला सर्रास चिमणी म्हणतात. गंमत म्हणजे रॉकेलच्या ज्या दिव्याच्या काजळीनं भिंती काळ्या व्हायच्या, तीही चिमणीच. एक धूर सोडणारी, एक धूर गिळणारी. हूड हा शब्द खरं तर जास्त नेमका, कारण सगळं महत्त्व त्या टोपाला आहे. पण बोलण्यात चिमणीच बसली आहे, तर इथेही तीच.

अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले नॅशनल लॅबोरेटरीनं घरोघरी बसवलेल्या चिमण्या तपासल्या होत्या. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बर्नरमधून निघालेल्या हवेपैकी चिमणीनं प्रत्यक्ष पकडलेला वाटा काही ठिकाणी १५ टक्क्यांहूनही कमी आणि काही ठिकाणी ९८ टक्क्यांहून जास्त निघाला. मागच्या बर्नरवरची हवा चांगली पकडली जात होती, पुढच्या बर्नरवरची निसटत होती. यात नवल काही नाही. बहुतेक चिमण्या भिंतीपासून पुढे ४५-५० सेंटिमीटरच येतात आणि पुढच्या बर्नरवरचं भांडं अर्धं त्यांच्या बाहेर असतं.

म्हणून खरेदीला निघताना आधी टेप घ्या आणि शेगडी मोजा. भिंतीपासून पुढच्या बर्नरच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या, त्यात नेहमीच्या मोठ्या भांड्याचा अर्धा व्यास मिळवा. बर्नरचा मध्य ४० सेंटिमीटरवर असेल आणि भांडं २८ सेंटिमीटरचं, तर ४० अधिक १४, म्हणजे ५४. चिमणी भिंतीपासून पुढे निदान एवढी आलेली हवी. तेवढी मिळत नसेल आणि शेगडी ओट्याच्या दगडात बसवायची असेल, तर दगड कापायच्या आधी शेगडी चार-पाच सेंटिमीटर मागे सरकवता येते का ते पाहा; उत्पादकानं भिंतीपासून सांगितलेलं कमीत कमी अंतर मात्र सोडायचं नाही. दगड कापून झाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

रुंदी सोपी आहे. शेगडीइतकी तरी हवीच, आणि दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर जास्त असेल तर उत्तम. ६० सेंटिमीटरच्या शेगडीवर ७५ ची चिमणी, ७५ च्या शेगडीवर ९० ची. लोट वर चढताना आजूबाजूची हवा ओढून घेत पसरत जातो, म्हणून ही जास्तीची कड. शेगडी खोलीच्या मधोमध, भिंतीचा आधार नसलेली असेल, तर चारही बाजूंनी कड वाढवावी लागते, कारण तिथे लोट जरासं कुणी शेजारून गेलं तरी लवंडतो.

उंचीबद्दल हटवाद नको. चिमणीबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेला आकडा शेवटचा. गॅसच्या शेगडीसाठी तो साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर असतो, विजेच्या किंवा इंडक्शनच्या शेगडीसाठी थोडा कमी. मोजायचं भांडं ठेवायच्या जाळीपासून चिमणीच्या सगळ्यात खालच्या कडेपर्यंत, ओट्यापासून नाही. याहून खाली आणली तर गॅसची आच फिल्टरला लागते, आणि त्यात तेल असतं. वर नेली तर प्रत्येक दहा सेंटिमीटरला लोट आणखी पसरतो आणि खिडकीतल्या झुळकेला आणखी वाव मिळतो. घरातल्या उंच माणसाच्या कपाळाला कड लागते म्हणून चिमणी ९० सेंटिमीटरवर टांगलेली बरीच दिसते. कपाळ वाचतं, पण मग त्या मानानं जास्त रुंद आणि जास्त हवा ओढणारी चिमणी लागते, हे कुणी सांगत नाही.

आता आकार. आतून खोलगट, उलट्या परातीसारखा टोप असेल, तर झाकण काढल्यावर एकदम उसळलेला वाफेचा ढग त्यात क्षणभर मावतो आणि मोटर तो सावकाश बाहेर काढते. सपाट तळाच्या चिमणीला हे पोट नसतं. ढग तळाला आपटतो आणि कडेनं पसरतो. तिरप्या काचेची चिमणी दिसायला देखणी, डोक्याला जागा सोडणारी, पुसायला सोपी. पण धूर त्या काचेवरून घसरत वरच्या टोकाला जातो आणि पुढून सुटतो. रोज तळणं-परतणं असणाऱ्या घरात आमचं मत खोलगट टोपाला. क्वचित स्वयंपाक होणाऱ्या घरात काच चालेल. शेगडीच्या मागून किंवा मधून खाली ओढणाऱ्या चिमण्या तर वर चढणाऱ्या हवेला उलटं वळवायला निघालेल्या असतात; उंच भांडं ठेवलं की त्यांचा इलाज संपतो.

हवेच्या आकड्याकडे वळू. खोक्यावर ताशी १२०० घनमीटर, १५०० घनमीटर असं मोठ्या टायपात छापलेलं असतं. काही ठिकाणी हेच माप घनफूट प्रतिमिनिट असं देतात, त्याला १.७ नं गुणलं की ताशी घनमीटर मिळतात. लागतं किती? भिंतीलगतच्या चिमणीसाठी अमेरिकेतली होम व्हेंटिलेटिंग इन्स्टिट्यूट दर फूट रुंदीला १०० घनफूट प्रतिमिनिट सुचवते आणि मधोमध टांगलेल्या चिमणीला १५०. या हिशेबानं ६० सेंटिमीटरच्या चिमणीला ताशी सुमारे ३४० घनमीटर आणि ९० सेंटिमीटरच्या चिमणीला सुमारे ५१०. गॅसच्या शेगडीसाठी दुसरा एक ठोकताळा आहे: सगळ्या बर्नरच्या किलोवॅटची बेरीज करा आणि दर किलोवॅटला ६० घनमीटर धरा. ८ किलोवॅटची शेगडी असेल तर ४८० च्या आसपास. दोन्हींपैकी मोठा आकडा घ्यायचा. खोलीचं आकारमान गुणिले दहा-बारा असाही हिशेब सांगतात, पण तो भिंतीतल्या एक्झॉस्ट पंख्याचा आहे. पंखा खोलीभर पसरलेला धूर पातळ करतो. चिमणीनं तो पसरायच्या आधी पकडायचा असतो. खोली मोठी झाली म्हणून शेगडीवरचा लोट मोठा होत नाही.

म्हणजे ५०० लागतात आणि खोक्यावर १२०० आहेत, मग चिंता कसली? चिंता अशी, की खोक्यावरचा आकडा पुष्कळदा मोटर मोकळी फिरवून घेतलेला असतो. फिल्टर, झडप, नळी, वळणं आणि बाहेरची टोपी लावली की त्यातले किती उरतात ते नळीवर ठरतं. चांगल्या पुस्तिकेत दाब आणि हवा यांचा आलेख असतो. शून्य दाबाचा आकडा बाजूला ठेवून १०० ते १५० पास्कलला (पास्कल हे दाबाचं माप) किती हवा येते ते पाहावं. आलेखच दिलेला नसेल तर तोही एक प्रकारचा खुलासाच.

नळीबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण चिमण्या बिघडतात त्या इथे. १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीचं तोंड सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर असतं. १२५ ची नळी १२३ वर येते, १०० ची नळी साडेअठ्ठ्याहत्तरवर. ताशी ६०० घनमीटर हवा १५० च्या नळीतून सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आसपास वेगानं जाते. तीच १०० च्या नळीतून घालवायची तर एकवीस मीटर. हवा तेवढीच ठेवली तर घर्षणानं होणारा तोटा व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या उलट प्रमाणात वाढतो, म्हणजे १५० वरून १०० वर आलं की सातपटीहून जास्त. मोटर एवढं ढकलू शकत नाही. ती घरघरते, हवा निम्म्यावर येते, आणि घरात तक्रार सुरू होते की ‘मशीन खराब निघालं’. भिंतीत आधीचं १०० चं भोक आहे, रिड्यूसर (मोठी नळी लहान नळीला जोडणारा तुकडा) लावून भागवू, असं फिटर सहज सांगतो. त्या एका वाक्यात चिमणी निम्मी होते. चिमणीच्या नळी जोडायच्या तोंडाचा व्यास जेवढा, तेवढाच शेवटपर्यंत ठेवायचा. वाढवला तर चालेल, कमी करायचा नाही.

दुसरं दुखणं वळणांचं. १५० च्या नळीत सफाईदार गोल बेंड साधारण २ मीटर सरळ नळीइतका अडथळा करतो. पत्रा काटकोनात जोडून केलेला तुटक कोपरा ८-९ मीटरइतका. त्यातही एक बेंड संपतो न संपतो तोच दुसरा आला तर तोटा बेरजेपेक्षा वाढतो, कारण पहिल्या वळणात भोवंडलेली हवा सरळ व्हायच्या आत पुन्हा वळवली जाते. चिमणीच्या तोंडावर ४५-६० सेंटिमीटर सरळ नळी, मग पहिला बेंड, असं जमलं तर आवाजसुद्धा कमी होतो. ९० अंशांच्या एका वळणाऐवजी ४५ ची दोन, मध्ये थोडी सरळ नळी सोडून, हेही चांगलं. एकूण नळी तीन मीटरच्या आत आणि वळणं दोनच्या आत बसली तर सहसा काही अडत नाही. सहा मीटर लागत असतील तर २०० ची नळी घ्या किंवा शेगडीची जागाच पुन्हा विचारात घ्या.

तिसरं, नळी कशाची. ॲकॉर्डियनसारखी चुण्या असलेली ॲल्युमिनियमची लवचीक नळी फिटरची लाडकी, कारण कुठेही वळते. तिच्या प्रत्येक चुणीत हवा अडखळते आणि तेलाचा चिकटा साठतो. पूर्ण ताणलेली असेल तर थोडी बरी. माळ्यावर अजगरासारखी वेटोळं घालून पडलेली असेल तर चिमणी न लावल्यातच जमा. खरं काम गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलच्या गुळगुळीत, कडक नळीचं. प्लॅस्टिकची किंवा पीव्हीसीची नळी टाळा. आत तेल साठणार आहे आणि खाली आग आहे, एवढं कारण पुरे.

कडक नळीचे तुकडे एकमेकांत घालताना दबलेलं, लहान टोक हवा जाते त्या दिशेला ठेवतात, म्हणजे हवेला पुढे कड लागत नाही. पण उभ्या नळीत याची एक गोम आहे. वर गार पत्र्यावर जमलेला ओशट थेंब भिंतीवरून खाली ओघळतो तेव्हा तो नेमका त्या सांध्यात उतरतो आणि बाहेर झिरपतो. कपाटाच्या आतल्या बाजूला पिवळट डाग दिसतात ते याचेच. म्हणून प्रत्येक सांधा ॲल्युमिनियम फॉइलच्या टेपनं पूर्ण गुंडाळायचा. कापडी राखाडी टेप उष्णतेनं वाळून वर्ष-दोन वर्षांत सुटते. सांध्याला स्क्रू मारायचे तर आखूड. आत डोकावणाऱ्या प्रत्येक टोकावर चिकट्याची जटा तयार होते. आडव्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, मीटरला एक-दोन सेंटिमीटर, म्हणजे जमलेलं पाणी बाहेर जाईल, मोटरवर येणार नाही.

पाणी कुठून आलं, असं वाटेल. गॅस जळतो तेव्हा पाणी तयार होतं. १ किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ हवेत जाते, भांड्यातली वाफ वेगळी. म्हणूनच नुसतं पाणी उकळायचं असलं तरी चिमणी लावावी. तेल नसलं तरी ज्वलनाचे वायू असतातच. इंडक्शनवर ज्वलन नाही, पण तिथे वेगळीच अडचण. आजूबाजूला वाया जाणारी उष्णता कमी, त्यामुळे वर चढणारा लोट मंद, चिमणीचा पत्रा गार, आणि वाफ त्याच्यावर थबकून थेंब थेंब परत भांड्यात. अशा ठिकाणी स्वयंपाक सुरू करण्याआधी दोन मिनिटं कमी वेगावर चिमणी चालू करून ठेवणं कामी येतं.

बसवण्याचं काम. सगळ्यात आधी भिंतीवर शेगडीच्या मध्याची उभी रेघ ओढा, ओळंब्यानं. ओट्याच्या मध्याची नव्हे, शेगडीच्या मध्याची. दोन्ही एकच आहेत असं गृहीत धरल्यानं चिमण्या वाकड्या टांगल्या जातात. त्या रेघेवर उंचीची खूण, मग खोक्यातला कागदी साचा चिकटवून भोकांच्या खुणा. ड्रिल लावायच्या आधी भिंतीतल्या विजेच्या, पाण्याच्या आणि गॅसच्या वाटा माहीत हव्यात. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ वर सहसा काहीतरी असतंच.

टाइल असेल तर खुणेवर कागदी टेप चिकटवा, ड्रिलचं ठोके देणारं बटण बंद ठेवा, टाइलचं टोकदार पातं लावून हलक्या दाबानं आधी फक्त टाइल पार करा. पातं मागच्या सिमेंटला लागलं की आवाज बदलतो; तिथून पुढे ठोके चालू. आधीपासून ठोके दिले तर टाइलला कोपऱ्यापर्यंत तडा जातो, आणि तो ठरून डोळ्यांसमोर राहतो. प्लग टाइलच्या जाडीच्या पलीकडे, भिंतीत पूर्ण बसला पाहिजे. टाइलमध्येच राहिला तर स्क्रू आवळताना फुगून टाइल फोडतो. चिमणीचं वजन पंधरा-वीस किलो असू शकतं आणि मोटर रोज तिला हादरवणार. पोकळ विटांची भिंत असेल तर साधे प्लग भरवशाचे नाहीत. पोकळीत उघडणारे अँकर किंवा आरपार बोल्ट लागतात. जिप्समच्या भिंतीत आत लाकडाचा किंवा धातूचा आडवा आधार असल्याशिवाय टांगूच नये.

नळीचं भोक हिऱ्याच्या कोअर कटरनं करून घ्यावं. १५० च्या नळीला १६० ते १६५ मिलिमीटर. छिन्नी-हातोड्यानं केलेलं भोक बाहेरच्या बाजूनं परातीएवढं फुटतं आणि पावसाचं पाणी तिथून आत शिरतं. बीम किंवा कॉलम मध्ये येत असेल तर नळी वळवायची, बीमला हात लावायचा नाही. फिटर ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही. नळी बसल्यावर भोवतीची फट बाहेरून सिलिकॉननं बंद, आणि बाहेर खाली तोंड असलेली, स्वतःच्या वजनानं मिटणारी पापणी असलेली टोपी. टोपीला बारीक जाळी लावू नका. कीटक अडतात खरे, पण काही महिन्यांत तीच जाळी तेलानं लिंपून बूच होते. पक्ष्यांपुरती मोठ्या भोकांची जाळी ठीक. आणि नळीचं तोंड खरोखर उघड्यावर निघालं पाहिजे. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडलेली नळी म्हणजे छताच्या आत साठवलेलं तेल; गॅस गीझरच्या धुराड्यात सोडलेली नळी म्हणजे त्याहून वाईट.

चिमणीच्या तोंडावर उलटी हवा अडवणारी दोन अर्धगोल पाती असतात. कारखान्यातून ती टेपनं चिकटवून येतात, वाहतुकीत आपटू नयेत म्हणून. ही टेप काढायची राहते, आणि मग नवीकोरी चिमणी पहिल्या दिवसापासून ‘ओढत नाही’. दुसरी नेहमीची चूक, नळी पक्की करताना मारलेला स्क्रू पात्याच्या वाटेत येतो आणि पातं अर्धंच उघडतं. नळी चढवून झाल्यावर, शोभेचं उभं आवरण लावायच्या आधी, खालून फिल्टर काढून हात घालून दोन्ही पाती पूर्ण उघडतात आणि आपसूक मिटतात ते पाहावं. अर्थात विजेचा प्लग काढून ठेवून. विजेचा सॉकेट त्या आवरणाच्या आत, नळीच्या बाजूला, अर्थिंगसह हवा. धातूचं शरीर, तेलकट वाफ आणि ओले हात एकत्र असताना अर्थिंगशिवाय चालवणं हा जुगार आहे. स्टीलवरची संरक्षक प्लॅस्टिकची फिल्मसुद्धा आधीच सोला. राहिली तर उष्णतेनं पत्र्यावर भाजून बसते.

एवढं करूनही एक गोष्ट उरते. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच स्वयंपाकघरात चोवीस घनमीटर हवा असते. ताशी १२०० घनमीटर काढणारी चिमणी ती सव्वा मिनिटात संपवेल. संपत नाही, कारण जेवढी जाते तेवढी कुठून तरी येते, आणि येऊ दिली नाही तर जातही नाही. खिडक्या-दारं घट्ट लावून चिमणी पूर्ण वेगावर ठेवली की दाराखालून शिट्टी ऐकू येते, संडास-बाथरूमच्या वासाची हवा उलटी घरात शिरते. हे गैरसोयीचं झालं. घरात गॅस गीझर किंवा धुराड्याचा बंब असेल आणि तो खोलीतलीच हवा वापरत असेल, तर त्याचा धूर, कार्बन मोनॉक्साइडसकट, घरात ओढला जातो. हे जिवावरचं. म्हणून चिमण्यांच्या पुस्तिकांत अशी उपकरणं एकाच वेळी चालताना खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा ४ पास्कलहून जास्त कमी होऊ देऊ नये, असं लिहिलेलं असतं. ४ पास्कल म्हणजे किती, हे खिडकीच्या भाषेत सांगायचं तर ताशी ६०० घनमीटर हवा एवढ्या फरकावर आत यायला सुमारे हजार चौरस सेंटिमीटरची वाट लागते. एक मीटर उंचीची सरकती खिडकी दहा-अकरा सेंटिमीटर उघडी ठेवली की भागलं. ती शेगडीजवळची नको. तिच्यातून येणारी झुळूक लोटच आडवा करते. समोरच्या भिंतीतली किंवा शेजारच्या खोलीतली बरी. छताचा पंखा त्या वेळेपुरता बंद.

फिल्टरचं थोडक्यात. पट्ट्यापट्ट्यांचा बॅफल फिल्टर हवेला एकामागून एक तीव्र वळणं देतो. हवा वळते, तेलाचा जड थेंब सरळ जाऊन पत्र्यावर आपटतो आणि ओघळतो. जाळीचा फिल्टर थेंब अडवतो तसा तुंबतोही लवकर. रोजच्या वापरात बॅफल तीन-चार आठवड्यांनी, जाळी दोन आठवड्यांनी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणानं. ॲल्युमिनियमची जाळी धुण्याच्या सोड्यात किंवा कॉस्टिकमध्ये भिजवू नका, काळी पडून झिजते. स्टीलला ते सोसतं. फिल्टर नसलेल्या, आपोआप साफ होणाऱ्या चिमणीत तेल तापवून वाटीत उतरवतात, पण ती वाटी रिकामी माणसालाच करावी लागते. नळी न लावता कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत खोलीत सोडणाऱ्या चिमण्या वास कमी करतात. वाफ, उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइड तिथेच राहतं, आणि कोळसा तीन ते सहा महिन्यांत बदलावा लागतो. नळी काढणं खरोखर अशक्य असेल तरच त्या वाटेला जावं.

आवाजाबद्दल एवढंच, की पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण विजेचा भार तत्त्वतः आठव्या हिश्शावर येतो आणि आवाज खूपच खाली. म्हणून मोठी चिमणी मधल्या वेगावर चालवणं हे लहान चिमणी पूर्ण वेगावर किंचाळत ठेवण्यापेक्षा बरं. जी चिमणी आवाजामुळे लावलीच जात नाही, तिचा आकडा शून्य.

बसवून झाल्यावर चाचणी म्हणून फिटर फिल्टरला कागद चिकटवून दाखवतो. कागद चिकटला म्हणजे मोटर फिरते एवढंच कळतं. ओढ तोंडापाशी असतेच, हे मेणबत्तीनं आधीच सांगितलं आहे. त्याऐवजी संध्याकाळी दिवे मालवा. पुढच्या बर्नरवर रुंद भांड्यात पाणी खळखळ उकळू द्या आणि ओट्याच्या कडेवर टॉर्च आडवी ठेवा, प्रकाशाचा पट्टा चिमणीच्या पुढच्या कडेखालून जाईल अशी. उजेडात न दिसणारी वाफ त्या पट्ट्यात स्पष्ट दिसते. ती कडेच्या आत वळते की कडेला चाटून वर निसटते, किती निसटते, कोणत्या कोपऱ्यातून, हे सगळं समोर. आता खिडकी दहा सेंटिमीटर उघडा आणि तोच कोपरा पुन्हा बघा. मग कान द्या. खिडकी उघडताच मोटरचा सूर जरा खाली उतरला तर समजा की ती हवेसाठी उपाशी होती: हवा अडली की पंख्यावरचा भार कमी होतो, तो जास्त जोरात फिरतो आणि आवाज चढा, बारीक होतो. खिडकी उघडूनही सूर चढाच राहिला तर अडथळा पुढे नळीत आहे. फिल्टर काढून ऐका, मग शिडी लावून बाहेरची पापणी हातानं उचलून ऐका. जिथे सूर उतरेल तिथे बोट ठेवून फिटरला परत बोलवा, तो शोभेचं आवरण लावून निघून जायच्या आत.